थोडक्यातले अर्पण

थोडक्यातले अर्पण म्हणजे जवळ जे आहे ते, कितीही कमी असो, देवाच्या हाती सोपवायचे आणि तो ते कामी लावील असा भरवसा ठेवायचा, ही ख्रिस्ती जीवनातील शिकवण आणि तिच्यावर उभी असलेली रीत. प्रवचनांत ती ‘पाच भाकरी, दोन मासळ्या’ एवढ्या शब्दांनीही कळते. मराठवाड्यात पावसाचा भरवसा नाही आणि बहुतेक शेती कोरडवाहू, त्यामुळे इथल्या मंडळ्यांना (ख्रिस्ती उपासक समूहांना) हा विषय शिकवावा लागत नाही. तो नीट पाळायला मात्र शिकावे लागते.

येशूने पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत पाच हजारांना जेवू घातल्याचा प्रसंग बायबलमधील येशूच्या चारही चरित्रांत, म्हणजे शुभवर्तमानांत आहे. योहान 6 मध्ये शिष्य फिलिप्प एवढ्यांच्या भाकरींसाठी दोनशे दिनारांचा हिशेब मांडतो. दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाघरच्या. मराठी बायबलमध्ये ‘भाकरी’ हाच शब्द असल्याने ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला हे जेवण आपल्याच घरचे वाटते. मार्क 6:38 मध्ये येशू आधी किती भाकरी आहेत ते पाहून यायला सांगतो. मग लोकांना शंभर-शंभर, पन्नास-पन्नास असे पंक्तीने बसवले जाते, उपकारस्तुती होते, भाकरी मोडल्या जातात आणि वाटप शिष्य करतात. म्हणजे मोजणे आधी आणि मागणे नंतर. मोजदाद केली तर विश्वास उणा पडतो ही समजूत या उताऱ्याला धरून नाही.

जुन्या करारातील दोन विधवा इथे जास्त उपयोगी पडतात. दुष्काळात शेवटच्या पिठातून संदेष्टा एलीयाला भाकरी देणाऱ्या सारफथच्या विधवेचे मडके (1 राजे 17) कधी काठोकाठ भरले असे लिहिलेले नाही. पीठ सरले नाही, इतकेच. रोजच्या भाकरीपुरते रोज निघत राहिले. दुसरी विधवा (2 राजे 4) कर्जबाजारी. सावकार तिची दोन मुले गुलाम म्हणून न्यायला निघालेला आणि घरात तेलाची एक कुपी. संदेष्टा अलीशा तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, तीही थोडकी नव्हेत. भांडी संपली तेव्हा तेल थांबले. मग तेल विकणे, कर्ज फेडणे आणि उरलेल्यावर घर चालवणे, असा क्रम आहे. दारोदार भांडी मागण्याचे काम तिचेच होते. ‘देव पुरवील’ म्हणून हात बांधून बसणाऱ्यांना हा अध्याय पुन्हा वाचायला द्यावा.

व्यवहारात ही रीत सुगीच्या उपकारस्तुतीत, म्हणजे पीक आल्यावर देवाचे आभार मानण्याच्या उपासनेत दिसते. शेतकरी ज्वारी, तूर, सोयाबीन आणतात. मजूर कुटुंबे अंडी, कोंबडी, भाजी किंवा एका दिवसाची मजुरी. पायलीचे माप गावागणिक बदलते, म्हणून धान्य काट्यावर तोलून किलोत लिहून घेणे चांगले. ज्वारी वाळलेली हवी: दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. दबला तर पोते आठवड्यात गरम होते, बुरशी धरते आणि सोंडे लागतात. म्हणून अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव शक्यतो त्याच दिवशी उरकतात. भोपळा विकत घेणारा तोच भोपळा परत अर्पण करतो आणि तो दोन-तीनदा लिलावात चढतो; एका वेलाची कमाई अशी वाढते.

घरात याचेच लहान रूप म्हणजे मूठ. दळायला काढताना किंवा भात टाकताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. ती आधी काढायची, उरल्यातून नव्हे. मूठ सुमारे 50 ग्रॅमची धरली तर रोज एक याप्रमाणे महिन्याला दीड किलो होते. मिझोरामच्या मंडळ्यांत तांदळाची अशीच मूठ 1910 पासून चालू आहे.

बिघडते ते बहुधा तीन ठिकाणी. पहिले, ‘दिले की दुप्पट मिळेल’ ही शिकवण. ती ऐकून लोक उसने काढून देतात, आणि पाऊस गेला की कर्जही राहते व श्रद्धाही मोडते. प्रेषित पौलाच्या पत्रातील 2 करिंथ 8:12 स्पष्ट आहे: असेल त्याप्रमाणे दिलेले मान्य होते, नसेल त्याप्रमाणे नव्हे. कर्ज काढून दिलेले अर्पण पाळकांनी नम्रपणे परत करावे. दुसरे, नावे आणि रकमा भर सभेत वाचून दाखवणे. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या 2016 सारख्या वर्षी ज्याच्या हाती मापटेभरही नसते, तो संकोचाने यायचा थांबतो. दोन टोल्या (अगदी क्षुल्लक नाणी) टाकणाऱ्या विधवेचे दान येशूने सर्वांत मोठे ठरवले (मार्क 12), ते मंडळीने लहान ठरवू नये. तिसरे, हिशेब न ठेवणे. पैसे दोघांनी मिळून त्याच दिवशी मोजावेत, वहीत दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. पौलानेही मदतीचे पैसे एकट्याने नेले नाहीत, सोबती घेतले (2 करिंथ 8:20-21).

लिलाव संपल्यावर सतरंजीवर सांडलेली ज्वारी गोळा करायची, सुपात पाखडायची, खडे वेचायचे आणि पोत्यात घालून तिचेही वजन वहीत चढवायचे. बारा टोपल्या तुकडे उचलायला लावले गेले, ते काही वाया जाऊ नये म्हणूनच (योहान 6:12).