आशावादी झुकाव

पुढचं सगळं आपल्या बाबतीत जरा बरंच होईल, वाईट व्हायचंच असेल तर ते दुसऱ्या कुणाचं, असं धरून चालायची माणसाची सवय. इंदूरच्या मराठीतलं याचं सगळ्यात छोटं उदाहरण म्हणजे फोनवरचं ‘पाच मिनिटात पोचून राहिलो’, आणि बोलणारा अजून रामबागेत घरातच चपला शोधत असतो. खोटं बोलत नसतो तो, त्याला खरंच तसं वाटत असतं.

‘ऑप्टिमिझम’ हा शब्द फ्रेंचमध्ये साधारण १७३७ च्या सुमाराला आला असं मानतात, तोही जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिझच्या १७१० मधल्या मताबद्दल (शक्य जगांपैकी आपलं जग सर्वोत्तम) बोलताना, आणि बहुधा टोमणा म्हणूनच. १७५५ च्या भूकंपात पोर्तुगालचं लिस्बन शहर उद्ध्वस्त झाल्यावर तर त्या मताची पुरती टिंगल झाली. मानसशास्त्रातला अर्थ मात्र बराच नंतरचा.

१९८० मध्ये मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी अमेरिकन कॉलेजच्या पोरांना ४२ घटना दिल्या, चांगली नोकरी, घटस्फोट, आजार वगैरे, आणि विचारलं की तुमच्यासारख्या इतरांपेक्षा तुमच्या बाबतीत हे घडायचा चान्स किती. चांगल्या गोष्टींचा सरासरीपेक्षा जास्त निघाला, वाईटाचा कमी. इथेच वाद आहे. २०११ मध्ये हॅरिस आणि हान या संशोधकांनी म्हटलं की यातला बराचसा भाग नुसता गणिताचा खेळ असू शकतो. समजा २० जणांत एकालाच एखादा आजार होणार आहे आणि प्रत्येकाला स्वतःचं अगदी बरोबर माहिती आहे, तर १९ जण ‘माझा धोका सरासरीपेक्षा कमी’ म्हणतील आणि ते खरंच असेल, उरलेल्या एकाचा धोका सरासरीच्या वीसपट, पण उत्तराची मोजपट्टी उणे तीन (सरासरीपेक्षा खूप कमी) ते अधिक तीन (खूप जास्त) एवढीच, त्यामुळे तो अधिक तीनवरच अडकतो आणि बेरीज उण्यातच जाते. म्हणजे कुणीच चुकलेलं नाही तरी अख्खा वर्ग आशावादी दिसतो. आक्षेप वजनदार आहे, निदान दुर्मीळ आणि वाईट घटनांपुरता.

म्हणून जिथे अंदाज कॅलेंडरशी ताडून बघता येतो तो पुरावा जास्त भरवशाचा. कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज कमी पडतो, याला मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये नाव दिलं, ‘नियोजनभ्रम’ म्हणू. १९९४ मध्ये ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तारीख विचारली: सरासरी अंदाज ३३.९ दिवस, लागले ५५.५. गंमत म्हणजे ‘सगळं बिघडलं तर किती’ याचं उत्तरही ४८.६ च होतं! आणि हीच माणसं दुसऱ्याच्या कामाबद्दल अंदाज करताना एवढी भोळी नसतात.

निर्णयांवर परिणाम धंद्यात चटकन दिसतो. अमेरिकेतल्या २,९९४ उद्योजकांच्या पाहणीत (१९८८) ८१ टक्के म्हणाले आपला धंदा चालायचा चान्स दहात सात किंवा जास्त, ३३ टक्के तर दहात दहा! तसलाच दुसऱ्याचा धंदा असेल तर मात्र सात-किंवा-जास्त म्हणणारे ३९ टक्केच. सराफ्यात (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) जागा मिळायच्या आधीच खाण्याच्या गाड्याचं नाव आणि मेन्यू ठरवून मोकळं होणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. पण सरसकट नुकसानच असं नाही, पुरी आणि रॉबिन्सन यांच्या २००७ च्या अभ्यासात माफक आशावादी जास्त वेळ काम करणारे आणि बचत करणारे निघाले, अति आशावादी उलट.

उपाय म्हणून आपल्या कामाचे तपशील बाजूला ठेवून तशाच जुन्या कामांना किती वेळ लागला होता ते बघायला सांगतात. म्हणजे ‘नवरात्रापर्यंत गिलावा होऊन जाईल’ असं मिस्त्री म्हणाला की त्याला नाही, ज्यांच्याकडे त्याने मागच्या वर्षी गिलावा केला त्या काकूंना विचारायचं.