पाच माणसं पुरतात, ती कशी?

वेबसाइट लोकांच्या सोयीची करायची तर हजार जणांकडून ऑनलाइन फॉर्म भरून घ्यावा, हा समज काही जाता जात नाही. फॉर्मात 'छान आहे' म्हणणारेच पुढे पैसे भरायच्या पानावर अडकतात. त्यामुळे मत विचारण्यापेक्षा माणूस काम करताना कुठे अडतो ते बघावं. त्याला पाच जण पुरतात.

पाचच का? जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलेलं गणित असं: एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात. म्हणजे एखादी अडचण त्याच्याकडून निसटण्याची शक्यता ०.६९. पाचही जणांकडून निसटण्याची शक्यता ०.६९ चा पाचवा घात, साधारण ०.१६. बाकीच्या ८४ टक्के सापडल्या! पंधरा जण बसवले तर आकडा ९९ च्या वर जातो, पण दहा माणसं वाढवून पदरात पडतात जेमतेम पंधरा टक्के. त्यापेक्षा पाच जण बसवा, दुरुस्त्या करा, पुन्हा पाच बसवा.

मात्र ३१ ही सरासरी आहे. दहातल्या एकालाच येणारी अडचण पाच जणांत दिसण्याची शक्यता फक्त ४१ टक्के. आणि देवनागरीत नाव टाकलं की फॉर्म अडत असेल, तर इंग्रजीत टाइप करणारे पाचशे जण बसवूनही ते कळणार नाही. वापरणाऱ्यांचे गट वेगळे असतील तर प्रत्येकातून तीन-चार जण घ्यावेत.

साइट तयार नसली तरी चालतं. पानं पेन्सिलने कागदावर काढायची. समोरच्याने बटणावर बोट ठेवलं की आपण पुढचं पान सरकवायचं. बटणावर 'पावती डाउनलोड' असेल तर काम सांगताना ते शब्द टाळावेत. 'गेल्या वर्षी घरपट्टी भरल्याचा पुरावा बँकेला द्यायचाय, काढून दाखवा' असं सांगावं. तो अडला की मदत करायला जीभ शिवशिवते. तिथेच गप्प बसावं. फार तर 'कुठे असेल असं वाटतं?' एवढं विचारावं.



नोंदीत 'गोंधळला' लिहून भागत नाही. 'मेनू दोनदा उघडला, मागे गेला, मग शोधपट्टीत पावती टाकलं' असं लिहावं. दुसऱ्या फेरीला मात्र माणसं नवी हवीत. पहिल्यांना पावतीची जागा पाठ झालेली असते.