पोटभर जेवण, अपुरा श्वास

जमिनीखालची पेट्रोलची टाकी बहुधा एका दिवसात फुटत नाही. सांध्याला गंज चढतो, थेंब थेंब झिरपायला लागतं, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत वर्षं उलटलेली असतात. पेट्रोल पाण्याहून हलकं, त्यामुळे मातीतून उतरत भूजलापर्यंत पोचलं की ते तिथे तवंगासारखं पसरतं. तवंगाचा बराचसा भाग उपसता येतो. खरी डोकेदुखी पेट्रोलमधून पाण्यात विरघळलेल्या बेंझिन, टोल्युइन, झायलिन या रसायनांची. त्यातलं बेंझिन सगळ्यात वाईट. त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग.

पाणी वर उपसून स्वच्छ करणं हा सरळ उपाय. पण मातीच्या कणांमध्ये अडकलेलं तेल पंपाला दाद देत नाही. पंप बंद केला की बेंझिनचा आकडा पुन्हा चढायला लागतो.

ते तेल खाणारे जिवाणू मात्र तिथे आधीपासूनच राहतात. खनिज तेल निसर्गतःच जमिनीतून पाझरत आलं आहे, त्यामुळे ते पचवण्याची विद्या जिवाणूंना माणसाच्या कितीतरी आधीपासून अवगत आहे. 1980 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आनंद मोहन चक्रवर्ती यांनी घडवलेल्या तेलभक्षी जिवाणूला पेटंट मिळू शकतं असा निकाल दिला, आणि बाटलीबंद 'सुपरबग'ची कल्पना लोकांच्या डोक्यात बसली. प्रत्यक्ष जमिनीखाली मात्र बहुतेक काम तिथल्या रहिवाशांनीच केलं आहे. बाहेरून जिवाणू आणून ओतणं मला तरी लग्नघरी जेवायला भाडोत्री माणसं बोलावण्यासारखं वाटतं.

मग अडतं कुठे? एक ग्रॅम बेंझिन पूर्ण जाळायला जिवाणूंना सुमारे तीन ग्रॅम ऑक्सिजन लागतो. एका लिटर पाण्यात हवेतून विरघळणारा ऑक्सिजन जेमतेम 8 ते 10 मिलिग्रॅम. म्हणजे तेवढ्या श्वासावर फार तर तीन मिलिग्रॅम बेंझिन संपेल. पेट्रोलला लागून असलेल्या पाण्यात ते याहून बरंच जास्त असतं, शिवाय टोल्युइन, झायलिनही त्याच ऑक्सिजनवर टपलेले. ताट भरलेलं आणि श्वास कोंडलेला, अशी गत होते.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अँब्लर इथे पाइपलाइनमधून पेट्रोल गळलं होतं. तिथे 1972च्या सुमारास संशोधक रिचर्ड रेमंड यांनी विहिरींतून हवा आणि नायट्रोजन-फॉस्फरसची खतं भूजलात सोडली आणि जिवाणूंना कामाला लावलं. आजही मूळ युक्ती तीच. कुठे नळ्यांतून हवेचे बुडबुडे सोडतात, कुठे हळूहळू ऑक्सिजन देणारी मॅग्नेशियम पेरॉक्साइडची पूड जमिनीत भरतात.

आणि ऑक्सिजन संपलाच तर? मला हा भाग सगळ्यात गमतीचा वाटतो. काही जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात, काही सल्फेटवर, तर काही चक्क गंजावर. वाळूच्या कणांवर लोहाचा तांबूस-पिवळा लेप असतो. जिवाणू तो वापरायला लागले की वाळू राखाडी पडते आणि लोह पाण्यात उतरतं. असं पाणी विहिरीतून काढलं तेव्हा नितळ दिसतं, पण ग्लासात उघडं ठेवलं की हवा लागून ते नारिंगी होतं आणि तळाशी गाळ बसतो.

अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ 1979च्या ऑगस्टमध्ये पाइपलाइन फुटून सुमारे 17 लाख लिटर कच्चं तेल सांडलं. साफसफाईनंतरही जवळपास चार लाख लिटर जमिनीत राहिलं. शास्त्रज्ञांनी ती जागा मुद्दाम अभ्यासासाठी राखली. कित्येक दशकांनंतरही विरघळलेल्या प्रदूषणाची शेपटी तेलापासून साधारण 200 मीटरांपर्यंतच पोचली होती, कारण पुढे सरकणारं बेंझिन वाटेतच खाल्लं जात होतं. तेल मात्र अजून आहे. प्रदूषणाच्या वाटेवर पिण्याच्या पाण्याची विहीर असेल, तर एवढी सबुरी परवडत नाही; तिथे हवा आणि खत घालून काम रेटावंच लागतं.

बेमिजीत आणखी एक गोष्ट उघड झाली. वाळूवरच्या ज्या लोहाच्या लेपाने जिवाणूंना श्वास दिला, त्याच लेपाला नैसर्गिक आर्सेनिक चिकटलेलं होतं. लेप विरघळला तसं तेही पाण्यात सुटलं. त्यामुळे अशा जागी निरीक्षण विहिरीतल्या नमुन्यात आता बेंझिनबरोबर आर्सेनिकही तपासावं लागतं.