गुलाबाईचा नवरा शेजारीच, कानबाईचा कुठे?

“तुमची ती कानबाई म्हणजे आमचा भोंडलाच ना?” पुण्यात दरवर्षी कोणी ना कोणी हे विचारतंच. आमच्या खान्देशातल्या या दोन देवींपैकी भोंडल्याच्या जवळ जाते ती गुलाबाई. पण पुणेकरांना काय बोलायचं? शहरात वाढलेली आमची जळगाव-धुळ्याची पोरंही हीच गल्लत करतात. दोघी ‘बाई’, दोघी पावसाळ्यात येणाऱ्या, दोघींची गाणी, दोघींचं विसर्जन. माझी एक साधी खूण आहे: देवीचा नवरा कुठे बसलाय ते बघायचं.

गुलाबाईचा नवरा शेजारीच असतो. भाद्रपदी पुनवेला मुली मातीची रंगवलेली जोडी घरात बसवतात, गुलाबाई आणि गुलोजी. मांडीवर इवलासा गणपती. म्हणजे पार्वती-शंकर, पण कैलास नाही, गळ्यात नाग नाही, समाधी तर नाहीच. चारचौघांसारखा फेटेवाला जावई बायको-पोराला घेऊन सासरवाडीला महिनाभर मुक्कामाला आलाय, असाच सगळा थाट. विदर्भाकडे आणि आमच्याही काही गावांत यांनाच भुलाबाई-भुलोजी म्हणतात आणि त्या नावाला गोष्ट चिकटलेली आहे. सारीपाटात पार्वतीने शंकराला हरवलं, तो रुसून रानात निघून गेला. मग ती भिल्लीण होऊन त्याच्यासमोर नाचली आणि तो भुलला. म्हणून तो भुलोजी आणि ती भुलाबाई. (सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना भिल्लीण पुराणातली वाटत नाही, ती बाजाराच्या दिवशी समोरच बसलेली असते.)

मला यातलं नावांचं प्रकरण फार आवडतं. संस्कृतात देवीचं नाव अनेकदा नवऱ्यावरून येतं: इंद्राची इंद्राणी, भवाची भवानी, रुद्राची रुद्राणी. पाणिनीने त्यासाठी सूत्रच करून ठेवलंय. इथे उलटं झालंय. भुलवणारी ती, आणि त्यावरून नाव पडलं त्याचं. कीर्तनात सांगतात की ‘शिव’मधला इकार, म्हणजे शक्ती, काढली की ‘शव’ उरतं. आमच्या गल्लीतल्या पोरींनी तेच हसतखेळत सांगितलंय: बायकोशिवाय हा देव रानात भटकत होता, तिनेच त्याला परत आणला.

गुलाबाई अख्ख्या गल्लीची असते. संध्याकाळी घरोघरी टिपऱ्या, सासर-माहेरची गाणी, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. माझी बहीण स्टीलचा डबा कानाजवळ धरून खळखळ वाजवायची. “शेंगदाण्याचे लाडू?” नाही. “चिवडा?” नाही. आम्हा भावांना ओळखायची परवानगी होती, पण पहिला घास मुलींचा. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव करायचा, रात्रभर गाणी म्हणायची, की निघाली गुलाबाई सासरी.

कानबाईकडे हा मोकळेपणा नाही. ती श्रावणात येते, नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी. सुरत, नाशिक, मुंबई, जिथे म्हणून खान्देशी माणूस पोटासाठी गेलाय तिथून तो त्या रविवारी गाव गाठतो. ती जोडीने बसत नाही. चौरंगावर नारळाची देवी, तिला नथ, डोळे, दागिने, मागे फुलांची सजावट. रात्री जागरण, सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत पांझरा, गिरणा, बोरी, जी नदी जवळ असेल तिकडे. बायका दारोदारी फुगड्या घालतात.

पण खरी कानबाई कळते ती रोटावरून. कुटुंबातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, त्याच पिठाचा रोट. पुरणपोळी, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हा रोट भाऊबंदांनीच खायचा आणि पुनवेच्या आत संपवायचा. सख्खा मित्र दारात उभा असला तरी त्याला नाही. लग्न झालेल्या लेकीलाही नाही, कारण ती आता दुसऱ्या कुळाची. मला हे लहानपणापासून खटकत आलंय: देवी बाई, राबणाऱ्या बाया, आणि मुठी मात्र अंडोरांच्या, म्हणजे मुलग्यांच्या. पण कानबाई कोण आहे ते याच्यातच दिसतं. गुलाबाई ही घरची लेक, म्हणून तिच्याबरोबर जावई आलाच. कानबाई कुळाची आई. तिच्या भोवती बसायचं ते लेकरांनी, नवऱ्याची जागाच त्या मांडणीत नाही.

नवरा नाही असं मात्र नाही. कानबाईचा कन्हेर, तिच्यासोबत नाव घेतात त्या रानबाईचा सूर्य, असं जुन्या बाया सांगतात. कोणी ‘कान’ म्हणजे कान्हा धरून तिला कृष्णाकडे नेतं, कोणी तिला थेट पार्वतीच म्हणतं. काही घरी नवसाने कानबाईचं लगीन लावतात, तेव्हा कन्हेरदेवाला मान मिळतो. एरवीच्या रविवारी त्याची आठवण काढताना मी कोणाला पाहिलेलं नाही.

एकदा आजी गहू मोजत होती. आमच्याकडे तेव्हा अकरा अंडोर. मी पाटाशेजारी बसून कानबाईच्या नवऱ्याचं नाव विचारत होतो. तिने सातवी मूठ परातीत सोडली, वर पाव मूठ टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तिना नवरानं काय करस भाऊ तू? मुठी मोज, नही ते चुकशी.”