‘झडप झिजली आहे’ : एका शब्दाची पार्श्वभूमी

पुण्यात पंचाहत्तरीच्या आजोबांचा इको रिपोर्ट हातात आला की त्यात ‘एओर्टिक व्हॉल्व्ह स्क्लेरोटिक, वयोमानानुसार डीजनरेटिव्ह बदल’ अशी ओळ बऱ्याचदा दिसते. एओर्टिक व्हॉल्व्ह म्हणजे हृदयातून महाधमनीत जाणाऱ्या वाटेवरची झडप. घरी त्या ओळीचं मराठी होतं, ‘झडप झिजली आहे.’ गुडघा झिजतो, चप्पल झिजते. झिजणं म्हणजे पातळ होणं, कमी होणं. झडपेचं मात्र नेमकं उलट होतं. ती जाड होते.

तरुणपणी एओर्टिक झडपेची पाकळी एक मिलिमीटरही जाड नसते, पण तेवढ्यात तीन थर असतात. महाधमनीच्या बाजूला कोलाजेनचा चिवट थर, हृदयाच्या बाजूला इलॅस्टिनचा ताणला जाणारा थर आणि मध्ये पाणी धरून ठेवणारा मऊ थर. दिवसाला सुमारे 1 लाख वेळा ती उघडते आणि मिटते. वय वाढतं तसं कोलाजेन वाढतं, इलॅस्टिनचे धागे तुटतात, मधला ओलावा आटतो, पेशी विरळ होतात. मग चरबीचे थेंब आणि कॅल्शियमचे कण बसू लागतात, तेही बहुधा पाकळीच्या बुडाशी, महाधमनीच्या बाजूला. शस्त्रक्रियेत काढलेली अशी पाकळी चिमट्याला खड्यासारखी लागते. सूक्ष्मदर्शकासाठी तिचे काप घ्यायचे तर आधी आम्लात ठेवून कॅल्शियम काढून टाकावं लागतं, नाहीतर पात्याची धारच जाते.

झडपा असतात हे इसवी सनापूर्वी अलेक्झांड्रियाच्या वैद्यांनीच सांगून ठेवलं होतं. म्हातारपणामुळे त्या कडक होऊ शकतात, हे मात्र 1904 मध्ये एका जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने ठामपणे मांडलं. तरीही पुढची कित्येक दशकं दोष बहुतेक वेळा लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या सांधेतापावरच (रुमॅटिक फीवर) टाकला जात होता. आपल्याकडे ते स्वाभाविकही होतं, कारण तरुण मुलींच्या मायट्रल झडपा, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपा, त्या तापाने खरोखरच चिकटत होत्या. फरक पाहिला तर दिसतो. सांधेतापात पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात. वयाने कडक झालेल्या झडपेत कडा बहुधा सुट्या राहतात आणि ताठरपणा बुडाकडून चढतो.

सांधेतापाचा दोष मागे पडला आणि ‘झीज’ हा शब्द आला. माझ्या मते त्याने जास्त नुकसान केलं. झीज म्हटली की कोणी कारण विचारत नाही. वय झालं, संपलं. 1994 मध्ये सुरुवातीच्या अवस्थेतल्या झडपा तपासल्या गेल्या, तेव्हा तिथे चरबी आणि दाहाच्या पेशी सापडल्या. 2001 मध्ये काढून टाकलेल्या 347 झडपांच्या अभ्यासात, कॅल्शियम बसलेल्या झडपांपैकी सुमारे 13 टक्क्यांमध्ये चक्क पक्कं हाड होतं, काहींत मज्जेसह. म्हणजे झडपेतल्या पेशी हाड बनवण्याच्या कामाला लागलेल्या होत्या. याला झीज कसं म्हणायचं?

यातूनच स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांची, आशा निर्माण झाली. चरबी आहे, दाह आहे, तर रक्तवाहिन्यांसारखंच हेही थांबेल, असा हिशोब होता. 2005, 2008 आणि 2010 मध्ये जाहीर झालेल्या तीन चाचण्यांनी तो चुकवला. झडप अरुंद होण्याचा वेग कमी झाला नाही. ‘झीज’वाल्यांना तेवढंच पुरलं. वास्तविक औषध चाललं नाही म्हणून प्रक्रिया निष्क्रिय ठरत नाही. 2013 मध्ये लायपोप्रोटीन-ए या रक्तातल्या चरबीवाहक कणाशी तिचा संबंधही दिसला, आणि त्याचं प्रमाण बहुतांशी आनुवंशिकतेने ठरतं.

आपल्या घरांत या शब्दाचा आणखी एक परिणाम दिसतो. ‘कॅल्शियम साचलंय’ कळलं की आजोबांचं दूध बंद, दह्याची वाटी बंद. झडपेतलं कॅल्शियम त्या वाटीतून गेलेलं नसतं, ते तिथल्या बिघडलेल्या पेशींच्या कामामुळे बसतं. स्क्लेरोसिस आणि स्टेनोसिस हेही एकच धरले जातात. स्क्लेरोसिसमध्ये पाकळी जाड होते, पण रक्ताची वाट मोकळी असते. स्टेनोसिसमध्ये 3 ते 4 चौरस सेंटिमीटरची वाट आक्रसते आणि 1 च्या खाली गेली की आजार तीव्र धरतात. पर्वतीच्या पायऱ्या अर्ध्या झाल्यावर छातीत भरून येणं किंवा चक्कर येणं हे तेव्हाचं लक्षण. ‘वयामुळे दम लागतो’ म्हणून ते सोडून देऊ नये.

2002 मध्ये फ्रान्समध्ये पहिल्यांदा छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी घालून माणसाला नवी एओर्टिक झडप बसवली गेली, आणि पूर्वी नाकारले जाणारे वृद्ध रुग्ण उपचारांच्या कक्षेत आले. ही झडप गाय किंवा डुकराच्या ऊतीची असते. तिच्यातही कॅल्शियम बसतं, आणि तरुण शरीरात ते म्हाताऱ्या शरीरापेक्षा लवकर बसतं.