अटेंडंट कोण, ओबीएचएसवाला कोण?

‘डब्यातल्या माणसाला तीनदा सांगितलं, तरी संडास साफ झाला नाही.’ लांब पल्ल्याच्या गाडीतून ठाण्याला उतरलेल्यांच्या तोंडी ही तक्रार नेहमी असते. पण सांगितलं ते नेमकं कोणाला? एसी डब्यात गणवेशातली दोन माणसं सतत ये-जा करत असतात, एक चादरी देणारा कोच अटेंडंट आणि दुसरा सफाईचा, म्हणजे ओबीएचएसचा कर्मचारी. दोघेही बहुतेक वेळा ठेकेदाराचे, दोघांचेही कपडे साधारण एकाच छापाचे. त्यामुळे चादरीबद्दल सफाईवाल्याला झापलं जातं आणि तुंबलेल्या बेसिनबद्दल चादरवाल्याला. तो मान डोलावतो नि निघून जातो, काम तसंच राहतं.

कोच अटेंडंट फक्त एसी डब्यांत असतो. बेडरोल वाटणं, उतरायच्या वेळी तो मोजून परत घेणं आणि मधल्या काळात डब्यावर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. बेडरोल म्हणजे दोन चादरी, अभ्रा घातलेली उशी, ब्लँकेट आणि छोटा टॉवेल. एलएचबी या नव्या बनावटीच्या थ्री-टियर एसी डब्यात 72 बर्थ असतात, म्हणजे एका वेळच्या वाटपालाच 144 चादरी, 72 अभ्रे आणि 72 टॉवेल लागतात. ओबीएचएस म्हणजे ऑन बोर्ड हाउसकीपिंग सर्व्हिस, धावत्या गाडीतली सफाई. संडास, बेसिन, दाराजवळची जागा, मधली वाट आणि कचऱ्याचे डबे तिच्याकडे. ज्या गाडीत ही सेवा आहे तिथे ती स्लीपरच्या डब्यांनाही मिळते. स्लीपरमध्ये ‘अटेंडंट कुठे आहे’ म्हणून शोधत फिरण्यात अर्थ नाही. तिथे तो नसतोच, पण सफाईवाला मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.

ओळखायची सोपी खूण म्हणजे पाठ. सफाई कर्मचाऱ्याच्या जॅकेटवर बहुतेक गाड्यांत मोठ्या अक्षरांत ओबीएचएस लिहिलेलं असतं. अटेंडंटची बसायची जागा दाराजवळ, चादरींच्या कपाटाशेजारी असते. काही गाड्यांत दोन्ही कामं एकाच ठेक्यात दिलेली असतात. अशा वेळी चेहरे अदलाबदल होतात, पण जबाबदाऱ्या मात्र कागदावर वेगळ्याच राहतात.

चांगला अटेंडंट कसा ओळखायचा? गोड बोलण्यावर जाऊ नका, त्याच्या पाकिटांकडे बघा. धुतलेल्या चादरी कागदी पाकिटात बंद होऊन येतात. पाकीट तुमच्यासमोर फाटलं तर बरं. उघडं पाकीट, घडीच्या बाहेर गेलेल्या सुरकुत्या, उशीच्या बाजूला अडकलेला केस, ही फिरवलेल्या चादरीची लक्षणं. म्हणजे आधीच्या प्रवाशाची चादर झटकून पुन्हा घडी घातलेली. चादर दमट लागली तर तो दोष वेगळा. ती वापरलेली नसते, लाँड्रीत नीट वाळायच्या आत पाकिटात गेलेली असते. पावसाळ्यात असं जास्त होतं. दोन्हींत बदलून मागायची, पण फिरवलेल्या चादरीची तक्रार नोंदवायची आणि दमट चादर नुसती परत करायची. चादरी आणि अभ्रे प्रत्येक वापरानंतर धुतले जातात, ब्लँकेट मात्र महिन्यातून किमान एकदा धुवायचा नियम आहे. एक चादर ब्लँकेटच्या आतून लावायची असते ती याचसाठी. दोन चादरी कशाला म्हणून एक उशाशी ठेवून देणारे हे विसरतात.

चादर फिरवली का जाते, हे कळलं तर कोणत्या बर्थवर सावध राहायचं तेही कळतं. अटेंडंटला फेरीसाठी मोजून गठ्ठे मिळतात. ठाण्याला चढलेला प्रवासी रत्नागिरीला उतरला आणि त्याच बर्थवर नवा प्रवासी आला, तर एका बर्थला दोन पाकिटं लागतात. अशा उतरत्या-चढत्या बर्थचा अंदाज चुकला की शेवटच्या टप्प्यात पाकिटं संपतात. म्हणून मधल्या स्टेशनवर चढणाऱ्याने आणि आरएसीवाल्याने (ज्याला एकच बर्थ दुसऱ्या प्रवाशाबरोबर वाटून घ्यावा लागतो) पाकीट जास्त बारकाईने बघावं. आरएसीचं तिकीट एसीचं असेल तर भाडं पूर्ण घेतलेलं असतं, बेडरोलही प्रत्येकाला स्वतंत्र मिळायला हवा. ‘दोघांत एक घ्या’ हे उत्तर मान्य करू नका.

टॉवेलचं गणित आणखी वेगळं. हरवलेल्या टॉवेलचे पैसे बऱ्याचदा अटेंडंटच्या पगारातून कापले जातात, म्हणून कित्येक जण तो मागितल्याशिवाय देतच नाहीत. हा त्याचा कामचुकारपणा नाही, नुकसान टाळायची धडपड आहे. तरी मागायचा. बेडरोलमध्ये तो धरलेलाच असतो.

गठ्ठे कुठे भरले जातात यावरही बरंच ठरतं. गाडीची मुख्य देखभाल ज्या डेपोत होते, तिथलाच विभाग सफाईचा आणि चादरींचा ठेका देतो, आणि बऱ्याच गाड्यांत जाण्या-येण्याचे गठ्ठे तिथूनच चढतात. उदाहरणार्थ, लोकमान्य टिळक टर्मिनसहून ठाणे-पनवेलमार्गे जाणारी नेत्रावती एक्स्प्रेस ही दक्षिण रेल्वेची गाडी. ठाण्याला चढणारा प्रवासी तिच्या परतीच्या फेरीत असतो. अशा गाडीत या टोकाला टंचाई दिसण्याची शक्यता जास्त. आणि तिच्या चादरींबद्दल ठाण्याच्या स्टेशन मास्तरांशी भांडून काहीच साधत नाही, कारण तो ठेका त्यांच्या विभागाचा नाही.

आता सफाईकडे. इथे गुणवत्ता नाकाने मोजायची चूक सगळेच करतात. फिनाइलचा किंवा सुगंधी फवाऱ्याचा वास आला म्हणजे संडास धुतला असं होत नाही. पायाखाली बघा. नीट साफ केलेल्या संडासाची जमीन थोड्याच वेळात कोरडी होते. कामाचा योग्य क्रम असा: आधी कागद, पाकिटं, बाटल्या उचलायच्या, मग रसायन शिंपडून काही मिनिटं मुरू द्यायचं, ब्रशने घासायचं, बेताच्या पाण्याने धुवायचं, कोरड्या पोछ्याने जमीन पुसायची आणि सुगंध शेवटी. घाईतला माणूस मधलं सगळं गाळतो, बादलीभर पाणी ओततो आणि फवारा मारतो. त्याचे दोन तोटे. ओल्या जमिनीवरून चालणाऱ्यांच्या चपलांनी चिखल मधल्या वाटेत येतो आणि डब्याच्या टाकीतलं पाणी लवकर संपतं. पाणी संपल्यावर सफाईवाला काहीच करू शकत नाही. ते पाणी भरण्याची सोय असलेल्या पुढच्या स्टेशनवरच भरतात, त्यामुळे तक्रारही ‘पाणी’ या सदरात करावी लागते.

आणखी एक जागा बघायची ती बेसिनखालचा कचऱ्याचा डबा. जेवणानंतर तासाभरात तो रिकामा झाला असेल तर माणूस फेरीवर आहे. ओसंडून वाहत असेल तर तो डब्यात फिरकलेलाच नाही, मग संडास कितीही चकाचक दिसो. संडासात वापरलेला पोछाच डब्याच्या मधल्या वाटेवर फिरताना दिसला तर मात्र सरळ थांबवा. त्यासाठी वेगळा पोछा असायला हवा.

संडास तुंबणं हा सगळ्यात मोठा कलहाचा विषय. आताच्या डब्यांत जैवशौचालयं आहेत, खाली टाकी आणि त्यात मैला विघटित करणारे जिवाणू. त्यांना बाटली, सॅनिटरी पॅड, डायपर, गुटख्याची पुडी पचत नाही. वस्तू वरच अडकली असेल तर सफाईवाला ती काढतो. टाकीच्या तोंडाशी अडकली तर धावत्या गाडीत ते काम होत नाही, डेपोत किंवा मोठ्या थांब्यावरच होतं. व्हॅक्यूमच्या संडासात पाणी कमी आणि ओढ जास्त, तिथे तर एका कापडी तुकड्यानेही ओढ बंद पडते. ‘आत्ताच्या आत्ता काढा’ असा हट्ट धरण्याऐवजी तो संडास बंद करून घ्या आणि शेजारचा लवकर धुवून घ्या. प्रवाशाच्या दृष्टीने तोच खरा उपाय.

वेळेचा मुद्दा कोकणातल्या प्रवाशांना विशेष लागू. ओबीएचएसची नेमलेली वेळ साधारण सकाळी 6 ते रात्री 10, त्यानंतर निकडीच्या कामापुरतं कोणीतरी उपलब्ध असतं. कोकणकन्या सीएसएमटीहूनच रात्री 11 नंतर सुटते. म्हणजे ठाण्याला तुम्ही चढता तेव्हा सफाईची नेमलेली वेळ संपलेली असते. ती सुरू होते तेव्हा गाडी रत्नागिरी-सिंधुदुर्गात असते. अशा गाडीत रात्रीचा संडास हा यार्डातल्या सफाईवर अवलंबून असतो, त्याचा राग धावत्या गाडीतल्या माणसावर काढणं चुकीचं. याउलट मांडवीसारखी दिवसाची गाडी. ती खाण्यापिण्यासाठी नावाजलेली, त्यामुळे दर तासाला कागदी डिश, कप, खरकटं. ओबीएचएसची परीक्षा घ्यायची तर अशा गाडीत घ्यावी.

अटेंडंटची परीक्षा उलट पहाटेच्या गाडीत होते. कोकणकन्या परतताना ठाण्याला पहाटे पाचच्या सुमारास येते. पनवेल मागे पडलं की, कधी त्याच्याही आधी, चादरी गोळा करायला सुरुवात होते. सीएसएमटीला उतरणाऱ्यालाही मग उठवलं जातं. गाडी थांबल्यावर मोजणी करायला वेळ मिळत नाही हे खरं, पण चांगला अटेंडंट ठाणे-दादरवाल्यांचे बर्थ आधी विचारून घेतो आणि बाकीच्यांना झोपू देतो. उठवण्याचं काम त्याच्यावर सोडू नका. 139 या रेल्वेच्या हेल्पलाइनवर डेस्टिनेशन अलर्ट, म्हणजे आपलं स्टेशन येण्याआधी उठवणारी सूचना, लावता येतो.

या दोघांच्या गोंधळात तिसरा येतो तो जेवणवाला. त्याची ओळख चुकत नाही, म्हणून थोडक्यात. पॅन्ट्रीचा ठेका आयआरसीटीसीमार्फत असतो, सफाईशी त्याचा संबंध नाही. बिल मागायचं. बिल दिलं नाही तर पैसे द्यायचे नाहीत, असा रेल्वेचाच नियम आहे. रेल नीरची लिटरची बाटली सप्टेंबर 2025 पासून 14 रुपयांना आहे. ठाण्याला थांबणाऱ्या वंदे भारतमध्ये बसून जायचं असतं, बेडरोलही नाही आणि अटेंडंटही नाही. जेवण घेतलं असेल तर ट्रे उचलायला जेवणवाला येतो आणि मोठी पिशवी घेऊन फिरतो तो सफाईवाला. एसी फार थंड किंवा बंद असेल तर वरच्या तिघांपैकी कोणीच ते दुरुस्त करत नाही, त्यासाठी एसी मेकॅनिक असतो. अटेंडंटने त्याला निरोप द्यायचा, इतकंच.

तक्रार करताना आधी त्या माणसाला शांतपणे, ‘दादा, बी-थ्रीच्या पुढच्या बाजूचा डावा संडास’ असं नेमकं सांगा. ‘संडास घाण आहे’ एवढ्यावर तो चारपैकी कोणता शोधणार? अर्ध्या तासात काही झालं नाही तर टीटीईला सांगा, किंवा थेट 139, किंवा रेलमदद ॲप. पीएनआर टाकल्यावर गाडी आपोआप येते, मग सदर निवडायचं असतं. खरी गफलत इथे होते. सफाई, बेडरोल, पाणी, विद्युत उपकरणं, खानपान आणि कर्मचाऱ्याचं वर्तन अशी वेगवेगळी सदरं आहेत आणि प्रत्येक सदर वेगळ्या लोकांकडे जातं. बेडरोलची तक्रार सफाईत टाकली तर सफाईचा सुपरवायझर येतो, संडास बघतो आणि ‘निकाली’ लिहून मोकळा होतो. तो खोटं लिहीत नाही.

सोबत फोटो जोडा आणि डब्याचा खरा नंबरही लिहा. बी-थ्री हा त्या दिवसापुरता क्रम असतो. डब्याच्या बाहेर रंगवलेला पाच-सहा आकडी नंबर कायमचा, त्याचे पहिले दोन आकडे म्हणजे डबा बनल्याचं वर्ष. गाडी डेपोत गेल्यावर गळका नळ किंवा मोडका फ्लश शोधायचा तर हाच नंबर कामाला येतो. सफाईचा सुपरवायझर अभिप्रायाचा कागद घेऊन आला तर ‘हो हो, छान’ म्हणत सही करू नका. ठेकेदाराच्या बिलात प्रवाशांचा अभिप्राय धरला जातो. काम झालं असेल तर तसं लिहा, झालं नसेल तर तेही.

वस्तू गाडीत राहिली तरी हाच फरक उपयोगी पडतो. चष्मा, कानातलं, चार्जर चादरीच्या घडीत गेलं असेल तर ते गठ्ठ्यात बांधलं जाऊन लाँड्रीकडे जातं. बर्थखाली पडलं असेल तर ते यार्डातल्या झाडूपुढे येतं. 139 ला फोन करताना वस्तू शेवटची कुठे होती, हे बर्थ नंबरासह सांगा. चादरीत असेल तर गठ्ठा सुटायच्या आत निरोप पोचायला हवा, म्हणून रिक्षाच्या रांगेत उभं राहण्याआधी, फलाटावरूनच फोन लावा.