सरकारी कार्यालयातील प्रचारसाहित्य

एखाद्या पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार होईल अशी वस्तू सरकारी इमारतीत, आवारात, वाहनावर किंवा कर्मचाऱ्याच्या अंगावर असू नये, यासाठीचे नियम. बिल्ला, उपरणे, झेंडा, गाडीवरचे स्टिकर, चिन्ह छापलेला कप, मंत्र्याची छबी असलेले कॅलेंडर, प्रवेशद्वाराजवळची कोनशिला असे बरेच काही या नियमांच्या कक्षेत येते. भारतात यासाठी एकच कायदा नाही. कर्मचाऱ्याला सेवेचे वर्तणूक नियम बांधतात, तर भिंतीला निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिता. दोन्हींचा हेतू एकच असला, तरी पहिले बंधन बारा महिन्यांचे आहे आणि दुसरे निवडणुकीपुरते.

कर्मचाऱ्याचे बंधन महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ५ मध्ये आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या नियमांतही नियम ५ हाच आहे आणि दोन्हींची भाषा जवळजवळ सारखी आहे. कर्मचाऱ्याने राजकीय पक्षाचे सदस्य होऊ नये, पक्षासाठी वर्गणी देऊ नये, कोणत्याही निवडणुकीत प्रचार करू नये किंवा आपले वजन वापरू नये. मतदानाचा हक्क त्याला आहे, पण मत कोणाला देणार किंवा दिले याची वाच्यता करण्याची मुभा नाही. बोटावरची शाई दाखवता येते, तिच्यामागचे बटण नाही. वस्तूंच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या नियमाखालचे स्पष्टीकरण. अंगावर, वाहनावर किंवा राहत्या घरावर निवडणूक चिन्ह झळकवणे म्हणजेच निवडणुकीत वजन वापरणे, असे ते सांगते. म्हणजे कर्मचाऱ्याने कोणाला काही सांगितले का, कोणावर दबाव आणला का, हे सिद्ध करण्याची गरज उरत नाही. शर्टावरचा बिल्ला पुरेसा आहे. शिवाय नियमात घराचा उल्लेख असल्याने कार्यालय सुटले म्हणून नियम सुटत नाही. घरातील दुसरे कोणी पक्षाचे काम करत असेल, तर फाटकावरचा झेंडा नेमका कोणी लावला हा चौकशीचा विषय होतो. जिल्हा परिषदांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ पासून वेगळे वर्तणूक नियम आहेत.

चिन्ह आणि वस्तू यांतला फरक मात्र समजून घ्यावा लागतो. घड्याळ, पंखा, झाडू, सायकल ही सगळी कोणत्या ना कोणत्या पक्षाची चिन्हे आहेत आणि यांतली एकही वस्तू नसलेली कचेरी शोधून सापडणार नाही. वापरातली वस्तू प्रचारसाहित्य होत नाही. तिची आकृती बिल्ल्यावर किंवा फलकावर आली की होते.

भिंतीच्या नियमांचा उगम आदर्श आचारसंहितेत आहे. १९६० च्या केरळ विधानसभा निवडणुकीत राजकीय पक्षांनी आपसांत मान्य केलेल्या संकेतांपासून तिची सुरुवात झाली. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत निवडणूक आयोगाने ती देशभरातील पक्षांकडे पाठवली. सत्ताधारी पक्षासाठीचे स्वतंत्र कलम १९७९ मध्ये आले. सरकारी वाहने, विश्रामगृहे, मनुष्यबळ आणि जाहिरातीचा पैसा प्रचारासाठी वापरू नये, विश्रामगृहाचे प्रचार कार्यालय करू नये, असे त्यात आहे. संहिता हा कायदा नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद ३२४ ने आयोगाला दिलेल्या अधिकारांच्या आधारे ती चालते. तिचा धाक बसला तो टी. एन. शेषन १९९० मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त झाल्यानंतर.

निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होताच ‘आचारसंहिता लागली’ असे म्हटले जाते आणि त्या क्षणापासून तास मोजले जातात. सरकारी मालमत्तेवरील, म्हणजे कार्यालयाची इमारत आणि तिचे आवार यांतील, भिंतीवरचे लिखाण, पोस्टर, कटआउट, फलक, झेंडे २४ तासांत हटवायचे. रेल्वे स्थानक, बस स्थानक, पूल, विजेचे खांब अशा सार्वजनिक जागांसाठी ४८ तास, खासगी मालमत्तेवरील अनधिकृत साहित्यासाठी ७२ तास. महाराष्ट्रात याच्या जोडीला मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा १९९५ चा राज्य कायदा आहेच. प्रत्यक्षात हे काम शिपायाच्या आणि नगरपालिकेच्या कामगारांच्या वाट्याला येते. साहेबांच्या दालनातली तसबीर उतरते, योजनेच्या फ्लेक्सवर कापड चढते, कोनशिलेवर वर्तमानपत्र चिकटवले जाते. कोनशिला उखडत नाहीत, नुसत्या झाकतात. त्यामुळे उद्घाटकाचे नाव वाचता येत नसले तरी ते कोणाचे, हे गावात सगळ्यांना पाठ असतेच. सरकारी संकेतस्थळांवरील मंत्र्यांची छायाचित्रेही याच वेळी काढली जातात. राहून गेलेला फलक दिसला, तर २०१८ पासून नागरिक आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ अॅपवरून त्याचे छायाचित्र थेट पाठवू शकतात. त्या तक्रारीवर १०० मिनिटांत कार्यवाही करण्याचे उद्दिष्ट आहे.

सगळ्याच तसबिरी उतरत नाहीत. पंतप्रधान, मुख्यमंत्री, मंत्री आणि इतर राजकीय पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे लावू नयेत, असा आयोगाचा आदेश आहे. राष्ट्रपती, राज्यपाल, दिवंगत राष्ट्रीय नेते, कवी आणि ऐतिहासिक व्यक्ती यांना तो लागू नाही. त्यामुळे कार्यालयातील शिवाजी महाराज, फुले, शाहू, आंबेडकर, गांधी जागेवर राहतात आणि जयंतीला हारही चढतो. दिवंगत नेत्याच्या नावावर आज कोणता पक्ष मते मागतो, हे आदेश पाहत नाही. हा त्यातला कच्चा दुवा म्हणता येईल, पण तो सांधायला गेले तर भिंतीवर एकही तसबीर उरणार नाही.

आदेशाची सर्वांत गाजलेली अंमलबजावणी उत्तर प्रदेशातली. विधानसभा निवडणुकीपूर्वी, जानेवारी २०१२ मध्ये, आयोगाने लखनौ आणि नोएडातील सरकारी खर्चाने उभारलेल्या उद्यानांमधील तत्कालीन मुख्यमंत्री मायावतींचे आणि हत्तींचे पुतळे झाकण्यास सांगितले. हत्ती हे बहुजन समाज पक्षाचे चिन्ह. दगडी हत्तींवर प्लास्टिक चढले आणि एरवी ज्यांच्याकडे कोणी वळून पाहत नव्हते ते हत्ती देशभरच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते असे. मार्च २०१९ मध्ये काठगोदाम शताब्दी एक्स्प्रेसमध्ये ‘मैं भी चौकीदार’ ही भाजपची प्रचारघोषणा छापलेल्या कागदी कपांतून चहा दिला गेला. रेल्वेने कप मागे घेतले आणि कंत्राटदाराला एक लाख रुपये दंड केला. २०२१ मध्ये प्रश्न भिंतीवरून पडद्यावर गेला. कोविड लसीकरणाच्या प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचे छायाचित्र होते आणि पश्चिम बंगालसह काही राज्यांत निवडणूक लागली होती. तृणमूल काँग्रेसने तक्रार केली, आयोगाने आरोग्य मंत्रालयाला संहिता पाळण्यास सांगितले आणि को-विन या लसीकरण नोंदणीच्या प्रणालीत त्या राज्यांपुरती छायाचित्र गाळण्याची सोय करावी लागली. एकच लस, एकच प्रमाणपत्र, पण राज्याची सीमा ओलांडली की चेहरा गायब, अशी स्थिती काही आठवडे होती.

वस्तूंपलीकडे मनुष्यबळाच्या वापराला लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ ची कलमे लागू होतात. कलम १२३(७) नुसार उमेदवाराने निवडून येण्यासाठी सरकारी सेवकाचे साहाय्य घेणे हा भ्रष्टाचारी प्रकार ठरतो. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द केली ती याच कलमाखाली. सरकारी सेवेत असलेल्या यशपाल कपूर यांची प्रचारातील मदत आणि सभेच्या व्यासपीठासाठी व ध्वनिक्षेपकासाठी राज्य अधिकाऱ्यांनी केलेली व्यवस्था, हे दोन मुद्दे त्यात होते. कायद्यात मागील तारखेपासून बदल झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९७५ मध्ये तो निर्णय फिरवला. कलम १२९ निवडणूक कामावरील अधिकाऱ्यांना उमेदवारासाठी काम करण्यापासून, तर कलम १३४-अ सर्वच सरकारी सेवकांना उमेदवाराचे प्रतिनिधी होण्यापासून रोखते.

निवडणूक नसताना कार्यालयाच्या भिंतीवर जवळजवळ कोणतेच बंधन नसते. सरकारी जाहिरातींपुरता एक प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने केला. १३ मे २०१५ च्या निकालाने त्यांत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचीच छायाचित्रे छापता येतील असे ठरवले. मार्च २०१६ मध्ये पुनर्विचार होऊन राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री यांनाही परवानगी मिळाली, त्यामुळे मूळ बंधनात फारसे काही राहिले नाही. योजनेच्या पिशवीवर मंत्र्याचा हसरा चेहरा चालतो; तीच पिशवी देणाऱ्या लिपिकाने चिन्हाचा बिल्ला लावला तर नोकरीवर येते. या दोन मापांकडे नियमांच्या चर्चेत फार कोणी लक्ष देत नाही.

अमेरिकेत विभागणी वेगळी आहे. तेथील १९३९ चा हॅच कायदा न्यू मेक्सिकोचे सिनेटर कार्ल हॅच यांच्या नावाने ओळखला जातो. १९३८ च्या निवडणुकीत सरकारी रोजगार योजनेच्या यंत्रणेचा प्रचारासाठी वापर झाल्याच्या आरोपांतून तो आला. १९९३ च्या दुरुस्तीने तो बराच सैल झाला आणि बहुतेक संघीय कर्मचाऱ्यांना फावल्या वेळात प्रचार करण्याची मोकळीक मिळाली. मात्र कामाच्या वेळेत, सरकारी इमारतीत, गणवेशात किंवा सरकारी वाहनात उमेदवाराचा बिल्ला, टी-शर्ट, कॉफीचा मग, संगणकाचा स्क्रीनसेव्हर यांपैकी काहीही चालत नाही. निवडणूक जवळ असो वा दूर. स्वतःच्या मोटारीच्या बंपरवर उमेदवाराचे स्टिकर लावून ती कार्यालयाच्या वाहनतळावर उभी करणे तेथे चालते. पुण्यातील एखाद्या सरकारी लिपिकाने पक्षाच्या चिन्हाचे स्टिकर आपल्या दुचाकीवर लावले, तर ती रविवारी घराच्या अंगणात उभी असली तरी नियम ५ चा भंग होतो.